पेटीचं दार

गावात कुणालाही पत्ता लागू न देता एखादं काम उरकायचं असेल, तर ते खुशाल माझ्यावर सोपवावं. बढाई नाही ही! माझा आवाज मुळात लहान, पाऊल हलकं, आणि कपडे कायम चर्चच्या भिंतीच्या रंगाचे. मागच्या बाकावर डोळे मिटून प्रार्थनेला बसले, की पास्टर क्रॅबट्री मला आत ठेवून बाहेरून कुलूप लावून जातात. एकदा नाही, दोनदा झालंय असं!

म्हणूनच वेंडलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "तू फक्त घरी ये. तुला घरात कसं घ्यायचं ते मी बघते. कुणाला कळणारसुद्धा नाही!"

ते कुणाकुणाला कळलं आणि कसं कळलं, तेच सांगायला बसले आहे.

आमचं हॅडली फेरी गाव तसं एवढंसं. कोर्टाची इमारत, तिच्यावरचं घड्याळ, तीन चर्चेस, नदीकडे उतरणारा रस्ता आणि त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आमची जुनी वस्ती. ही वस्ती संरक्षित आहे. म्हणजे घरं आमची, छपरं गळतात ती आमच्या डोक्यावर, पण दाराला रंग कुठला द्यायचा ते जतन मंडळ ठरवणार. या मंडळाच्या अध्यक्ष मिस ऑगस्टा. त्या काठी टेकत रस्त्याने निघाल्या की अख्ख्या वस्तीतले व्हरांडे पोट आत घेऊन उभे राहतात! कुणाच्या कठड्यावर प्लास्टिकची कुंडी दिसली, की त्या फाटकाशी थांबतात आणि एखाद्या आजारी माणसाची चौकशी करावी तशा हळुवार आवाजात विचारतात, "हे काय गं?"

वेंडलचा गुडघा मोडला तोही मंडळापायीच म्हणायचा. आमच्या खिडक्यांच्या लाकडी झडपा भिंतीला स्क्रूने ठोकलेल्या होत्या. मंडळाचं म्हणणं, झडपा खऱ्या हव्यात, उघडमिट होणाऱ्या. वेंडल शिडीवर चढला, एक झडप बसवली, ती मिटली, आणि शिडीवर उभ्या वेंडलला घेऊनच मिटली! तो थेट खाली अझेलियाच्या झुडपात. मंडळाने इस्पितळात फुलं पाठवली. सोबत निरोप, लवकर बरे व्हा, दुसरी झडप अजून राहिली आहे.

आता प्रश्न असा, की गुडघ्यात लोखंड घातलेला धिप्पाड माणूस घरात न्यायचा कसा? आमचं घर विटांच्या खांबांवर उंच उचललेलं. पूर्वी नदी चढायची ना, म्हणून. समोर लांबलचक लाकडी पायऱ्या, वर रुंद व्हरांडा, त्याचं निळं छत. दिसायला देखणं, पण वेंडलला त्या पायऱ्या म्हणजे डोंगरच. मी मंडळाकडे रॅम्पसाठी अर्ज केला.

"ओलेटा," मिस ऑगस्टा म्हणाल्या, "पायऱ्या म्हणजे घराचा चेहरा. तुझ्या चेहऱ्यावर कुणी फळी ठोकलेली चालेल तुला?"

"पण वेंडल चढणार कसा?"

"हळूहळू," मिस ऑगस्टा म्हणाल्या.

अर्ज नामंजूर! मी कुणाशी वाद घालत नाही. घरी आले, गुडघे टेकले, प्रार्थना केली, आणि 'आमेन' म्हणताना डोळे उघडले तर समोर उत्तर उभं! बैठकीच्या खोलीचं बाजूचं दार.

या दाराला गावात 'पेटीचं दार' म्हणतात. समोरच्या दारातून आत येणारा बोळ अरुंद आणि वळणाचा, त्यातून शवपेटी वळत नाही. म्हणून जुन्या लोकांनी बैठकीला हे एक रुंद दार काढून ठेवलं. त्या बाजूला जमीन चढती आहे, त्यामुळे उंबरठा जवळजवळ मातीला टेकलेला. पायरी नाही, काही नाही! पावसात चिखल होतो, तेवढाच. वेंडलचे आजोबा, आजी, वडील, सगळे याच दारातून गेले. कुणी गेलं की ते उघडायचं, एरवी रंग मारून बंद. कित्येक वर्षांत कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे रंगाचे इतके थर चढले होते की दार कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नव्हतं.

पण दार ते दार! जुनं, मूळचं, रस्त्यावरून न दिसणारं. कुठलाही नियम मोडत नव्हता. फक्त उघडायचं आणि वेंडलची चाकाची खुर्ची ढकलत आत न्यायची. माझ्या हुशारीचं मलाच इतकं कौतुक वाटलं, की त्या रात्री गर्वाबद्दल वेगळी क्षमा मागावी लागली.

आता एक आतली गोष्ट सांगते. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस चालू होते. दरवर्षी या दिवसांत मी काही ना काही नेम धरते. यंदा वेंडलच्या गुडघ्यासाठी मौन धरलं होतं. सकाळी उठल्यापासून कोर्टाच्या घड्याळात बाराचे टोल पडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. लिहून दाखवायचंही नाही. पाटीवर लिहून गप्पा मारायच्या आणि त्याला मौन म्हणायचं, म्हणजे उपास धरून पीचचा केक हादडण्यातला प्रकार! नेमाचा बोभाटा करू नये, म्हणून वेंडलखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. आणि मी एरवीही इतकी कमी बोलते, की अजून कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

वेंडलला शुक्रवारी इस्पितळातून सोडणार होते. त्याचा धाकटा भाऊ ल्यूथर त्याला गाडीतून घेऊन दुपारी बाराच्या सुमाराला पोचणार होता. मी आदल्या दिवशीच रूबेन सुताराशी बोलून ठेवलं.

"येतो की," रूबेन म्हणाला, "पण अगदी पहाटे. मला भाचीच्या लग्नाला मोबीलला जायचंय. दार उघडून तसाच पुढे निघतो."

पहाटे रूबेन आला तो लग्नाला निघालेला! काळा सूट, काळा टाय, चकचकीत काळे बूट. हातात पटाशी आणि हातोडी. उजाडता उजाडता तो काळ्या सुटातला माणूस आमच्या पेटीच्या दाराशी वाकून उभा होता, हे शेजारच्या घरातून कसं दिसलं असेल याचा विचार मला शिवलासुद्धा नाही.

दाराने बराच वेळ दाद दिली नाही. मग एकदम असा कर्रकन् आवाज झाला, की कोपऱ्यावरचं कुत्रं भुंकायचं सोडून रडायला लागलं. दार उघडलं! रूबेनने सूट झटकला, टोपी घातली आणि तो लग्नाला गेला.

मी कामाला लागले. जुन्या रंगाची धूळ सगळीकडे उडत होती, म्हणून बैठकीतल्या मोठ्या आरशावर चादर टाकली. वेंडल जिना चढू शकणार नाही, म्हणून बैठकीच्या मधोमध पलंग लावला, त्यावर पांढरी स्वच्छ चादर घातली. खोलीला जुन्या लाकडाचा वास येत होता, म्हणून उशाशी ईस्टरच्या पांढऱ्या लिलींची कुंडी ठेवली. अंगात काम करायचा माझा जुना काळा झगा. डोळ्यांत रंगाची धूळ गेल्याने घळाघळा पाणी वाहत होतं.

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं?

आमच्याकडे घरात कुणी गेलं की आरसा झाकतात, हे काय मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं! पण त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त धूळ होती.

इतक्यात दारात शेजारची नेल रूथ उभी. अंगात घरातला गाऊन, केस कुरळे करायच्या गुंडाळ्या डोक्यात तशाच. तिने पेटीचं दार पाहिलं, आरसा पाहिला, पलंग पाहिला, लिली पाहिल्या, आणि शेवटी माझे डोळे पाहिले.

"अगं बाई!" ती म्हणाली आणि तिने मला छातीशी असं आवळलं, की एक गुंडाळी माझ्या कानात घुसली. "आज?"

वेंडल आज येणार हे हिला ल्यूथरच्या बायकोने सांगितलं असणार, असं मला वाटलं. मी मान हलवली. हो, आज.

"शांतपणे झालं ना सगळं? फार त्रास नाही ना झाला?"

दाराबद्दलच विचारतेय असं समजून मी हाताने सांगितलं, आधी जरा त्रास झाला, मग कर्रकन् झालं.

नेल रूथने तोंडावर हात ठेवला. "आणि तू एकटी! एकटी करतेयस हे सगळं! बस खाली. हात लावू नकोस कशाला. मी बघते!"

ती धावत गेली. किती प्रेमळ शेजारीण, पलंग लावायला मदत आणायला गेली, असं मला वाटलं. मी प्रभूचे आभार मानले आणि झाडू घेतला.

मदत आली, पण हॅमच्या रूपात!

पहिला अख्खा भाजलेला हॅम वेशीजवळच्या बाईंनी आणला, लवंगा टोचलेला. त्याच्या मागोमाग चिकनचं कॅसरोल. मग भरलेली अंडी, त्यासाठीच केलेल्या खोलगट घरांच्या तबकात. मग अजून एक कॅसरोल. मग थरथरणारी हिरवी जेली. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव! आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या गावात भांड्याच्या बुडाला नाव एकाच प्रसंगी लावतात. कुणी गेलं की! घरातली बाई दुःखात भानावर नसेल, भांडं कुणाचं हे तिने लक्षात ठेवायला नको, म्हणून!

मी हातातला झाडू टाकला आणि जोरजोरात मान हलवायला लागले. नाही! नाही!

"अजून पटत नाहीये तिला," एक बाई हळूच म्हणाली.

मी नेल रूथचा दंड धरला. दोन बोटं उभी करून तळहातावर चालवून दाखवली. तो येतोय! पायाने नाही, पण येतोय!

"चालत गेला," नेल रूथ सगळ्यांना गहिवरून म्हणाली, "सरळ चालत स्वर्गाच्या दारात गेला, असं म्हणतेय ती. वरती गुडघा दुखत नाही गं!"

मी कपाळावर हात मारला. सगळ्या बाया रडू लागल्या.

मग मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. बारावर! बारा वाजू द्या, मी सगळं सांगते!

"बाराला!" नेल रूथ ओरडली. "बाराला आणणार आहेत त्याला! अगं, वेळ कुठे उरलाय! पास्टरना कळवा! रेडिओवर सांगा!"

आमच्या गावच्या रेडिओवर सकाळी हवामान सांगतात, मग डुकरांचे भाव, मग कोण गेलं ते. त्या दिवशी डुकरांचे भाव मागे राहिले आणि वेंडल पुढे गेला!

तुम्ही म्हणाल, एवढं झालं तरी बोलायला काय हरकत होती? मी बोलणार होते हो! तोंड उघडलंसुद्धा होतं. पण नेम वेंडलच्या गुडघ्यासाठी होता. आज मौन मोडलं आणि उद्या गुडघा मोडला तर? गावाचा गैरसमज दुपारी दूर करता येईल, गुडघा कुठून आणू? मी तोंड मिटलं आणि मनातल्या मनात स्तोत्र म्हणू लागले. माझे ओठ हलताना पाहून सगळ्यांनी माना खाली घातल्या.

पास्टर क्रॅबट्री आले. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "ओलेटाबाई, एक शब्दही बोलू नका."

इतका सोपा उपदेश मला आजवर कुणी केला नव्हता!

पास्टर कामाला वाघ आहेत. त्यांनी उभ्या उभ्या सहा माणसं निवडली, पेटीला खांदा द्यायला. किराणा दुकानवाला, पोस्टमास्तर, टपालाचं काम सोडून आलेला त्याचा मदतनीस, आणि तिघे जण मासेमारीतले वेंडलचे दोस्त. सहाही जण बाजूच्या अंगणात टोप्या काढून रांगेत उभे राहिले, आणि त्यातल्या धाकट्याला रडू येतंय म्हणून थोरले त्याला हळूच कोपर मारू लागले.

आणि मग फाटकाशी काठीचा आवाज आला. मिस ऑगस्टा!

त्यांच्या हातात टोमॅटोची जेली होती, साच्यातून काढलेली, आमच्या कोर्टाच्या घुमटासारखी. मागे जतन मंडळाचे बाकीचे सभासद. एरवी हे लोक आले की मी खिडकीतली कुंडी पाठीमागे लपवते. पण आज मिस ऑगस्टांचे डोळे लाल होते. त्यांनी मला जवळ घेतलं. मग पेटीच्या दाराकडे वळल्या, चौकटीवर बोट फिरवलं आणि हुंदका देत म्हणाल्या, "मूळचा रंग! खालून मूळचा रंग निघालाय गं!"

मंडळ स्वयंपाकघरात गेलं. मी कपाटामागे पाण्याचे पेले पुसत उभी होते. मी जिथे उभी असते तिथे कुणी नाही असंच लोक धरून चालतात, हे मी आधी सांगितलंच आहे.

"आपण त्याला रॅम्प दिला नाही," मिस ऑगस्टा म्हणाल्या. आवाज फाटलेला, बोलणं स्वतःलाच. "माणूस घरी येऊ शकत नव्हता. ऑगस्टा, हे तू केलंस. 'हळूहळू' म्हणालीस तू त्याच्या बायकोला!"

"नियम होता," म्हातारे मिस्टर टॉलिव्हर म्हणाले. त्यांच्या हातात भरलेलं अंडं होतं. "रस्त्यावरून दिसता कामा नये."

"बाजूच्या दाराला केला असता तर कुठे दिसला असता? आपल्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही!"

मग मिस्टर टॉलिव्हर अंडं गिळून म्हणाले, "मी ठराव मांडतो. बाजूच्या दाराला रॅम्प मंजूर."

"आता? तो गेल्यावर?" दुसऱ्या एका बाईंनी विचारलं. "मेलेल्या माणसाला रॅम्प कशाला?"

"तत्त्व म्हणून!" मिस ऑगस्टांनी काठी आपटली. टोमॅटोचा घुमट थरथरला. "माझं अनुमोदन. कुणाचा विरोध?"

विरोध कुणाचाच नव्हता, आणि असता तरी तोंडं कॅसरोलने भरलेली होती. ठराव एकमताने मंजूर!

मी पेला पुसत होते. पुसून पुसून काचेला भोक पडायची वेळ आली. ठरावाआधी मी दर थोड्या वेळाने कुणाला ना कुणाला धरून खाणाखुणा करत होते. त्यानंतर मात्र, का कोण जाणे, हात एकदम दुखायला लागले.

बैठकीत माणूस मावेना. व्हरांड्यावर, अंगणात, अझेलियाच्या झुडपापर्यंत गर्दी. गोड थंड चहाचे पेले फिरत होते. वेंडलबद्दल लोक इतकं चांगलं बोलत होते, की हा माणूस मला कधी भेटला नाही याची हळहळ वाटू लागली. त्याने मासे पकडून वाटले म्हणे! आमच्या घरी तर रिकामी बादलीच यायची.

पास्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. मिस ऑगस्टांनी भजनाला सुरुवात केली. आणि बरोबर त्याच वेळी ल्यूथरची गाडी वळून बाजूच्या अंगणात शिरली. सहा माणसं पुढे झाली. सगळ्यांच्या माना खाली.

गाडीचं पुढचं दार उघडलं. त्यातून आधी एक सरळ ताठ पाय बाहेर आला. मग त्याच्यामागे वेंडल.

भजन कसं थांबलं म्हणून सांगू! एकेक आवाज गळत गेला, आणि शेवटी फक्त डोळे मिटून गाणाऱ्या मिस्टर टॉलिव्हरांचा उरला. त्यांनी ते कडवं पूर्ण केलं.

वेंडलने काळे कपडे पाहिले, टोप्या पाहिल्या. त्याने लगेच स्वतःचीही टोपी काढली आणि गंभीरपणे विचारलं, "कोण गेलं?"

पोस्टमास्तर खाकरले. "तू."

वेंडल जरा विचारात पडला. "केव्हा?"

"सकाळी. रेडिओवर सांगितलं."

"आम्ही गाण्यांचं स्टेशन लावलं होतं," ल्यूथर म्हणाला.

"मला कुणी काही बोललं नाही," वेंडल म्हणाला. "सकाळी तर मी पॅनकेक खाल्ले!"

नेल रूथ किंचाळली. दोन बाया खुर्चीत बसल्या, एक खुर्ची नसलेल्या जागी बसली. आणि मग सगळं अंगण माझ्याकडे वळलं. आयुष्यात पहिल्यांदाच सगळ्यांना मी दिसत होते!

"ओलेटा!" मिस ऑगस्टा म्हणाल्या. तो आवाज त्या प्लास्टिकच्या कुंड्यांसाठी राखून ठेवतात. "हा काय प्रकार आहे?"

त्याच क्षणी कोर्टाच्या घड्याळाने बाराचे टोल द्यायला सुरुवात केली. मी बोट वर करून थांबा म्हटलं. अख्खं गाव थांबलं. शेवटचा टोल पडला. मी घसा साफ केला.

"मिस ऑगस्टा," मी म्हणाले, "ठराव कायम आहे ना?"

आता या वेळी मी काहीतरी खुलासा करायला हवा होता हे मला कळतं. पण सकाळभर तोंडात धरून ठेवलेलं तेवढंच बाहेर आलं!

मिस ऑगस्टा माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मंडळाकडे बघितलं. मंडळ आपल्या बशांकडे बघत होतं.

"मंडळाने दिलेला शब्द मंडळ मागे घेत नाही," त्या शेवटी दात आवळून म्हणाल्या. "रॅम्प मंजूर. बाजूच्या दाराला. पाइनच्या लाकडाचा. आणि ही सगळी हकीगत आम्हाला नीट कळल्यावर मी तुझ्याशी बोलणार आहे!"

मग मी सगळं सांगितलं. दार, धूळ, रूबेनच्या भाचीचं लग्न, आणि मौनसुद्धा. पास्टर हसू आवरायला बैठकीत जाऊन आरशाकडे तोंड करून उभे राहिले, तर त्यावर चादर! नेल रूथ म्हणाली, "तरीच म्हटलं, एवढी गप्प कशी! पण मग म्हटलं, ही कधी बोलते?"

पण माझी योजना तर सफल झाली होती! ल्यूथरने वेंडलला चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. मी ती खुर्ची धरली आणि विजयी मुद्रेने पेटीच्या दाराकडे वळवली.

"थांब," वेंडल म्हणाला. "कुठे नेतेस?"

"घरात."

"त्या दारातून?"

"त्यासाठीच तर उघडलं!"

"ओलेटा, माझे आजोबा त्या दारातून गेले. आजी गेली. बाबा गेले. मी पण जाणार आहे, एकदाच!"

"अरे, पण ते सगळे बाहेर गेले. तू आत येतोयस!"

"दाराला काय कळतंय, मी कुठल्या बाजूने आलो ते?"

"वेंडल, पाया पडते तुझ्या. सरळ जमीन आहे, एक पायरी नाही."

"मी गाडीत झोपेन," वेंडल म्हणाला आणि त्याने चाकं घट्ट धरली.

मी हरले. पहाटेपासून जे दार उघडण्यासाठी मी जिवाचं रान केलं, ज्याच्यापायी नवरा सकाळभर मेलेला होता, त्या दारातून हा माणूस जिवंतपणी जायला तयार नव्हता! आणि दुसरी वाट म्हणजे त्या समोरच्या पायऱ्या. मला आता खरंच रडू यायला लागलं. धूळ नव्हती तरी.

किराणा दुकानवाल्याने पोस्टमास्तरांकडे पाहिलं. पोस्टमास्तरांनी बाकीच्यांकडे पाहिलं.

"आपण सहा जण आहोतच," किराणा दुकानवाला म्हणाला.

"निवडलेलेसुद्धा आहोत," धाकटा नाक पुसत म्हणाला.

त्यांनी खुर्ची तीन इकडून, तीन तिकडून उचलली, जशी पेटी उचलायची असते अगदी तशीच, पावलाला पाऊल मिळवून. वेंडल मध्ये ताठ बसलेला, टोपी मांडीवर. मिरवणूक घराला वळसा घालून समोर निघाली. मागे पास्टर, त्यांच्यामागे बाया, त्यांच्यामागे भांडी. मिस ऑगस्टा पुढे होऊन पायऱ्यांच्या तोंडाशी काठी आडवी धरून उभ्या राहिल्या.

"हातांनी उचलून नेण्याला नियमांत हरकत नाही," त्या म्हणाल्या. "कठड्याला धक्का लागता कामा नये!" आणि काठी बाजूला घेतली.

वेंडल निळ्या छताखाली पोचला तेव्हा अंगणातून टाळ्या पडल्या. मग सगळ्यांनी बसून हॅम खाल्ला. रेडिओवर दुरुस्तीही जाहीर झाली, डुकरांच्या भावांच्या नंतर.

रॅम्प पुढे खरोखरच झाला. पाइनच्या लाकडाचा, मंडळाने तपासलेला. मी त्याच्यावरून धुण्याची टोपली नेते, फार सोयीचं पडतं. वेंडल तिकडे फिरकतही नाही. दर रविवारी चर्चला जायच्या वेळी ते सहा जण येतात, त्याला पायऱ्यांवरून अलगद खाली नेतात, आणि प्रार्थनेनंतर परत वर आणून ठेवतात. नेमच झालाय त्यांचा. वेंडल वरून दोन्ही बाजूंना मान लववत येतो, एखाद्या गव्हर्नरसारखा.

गुडघा कसा आहे म्हणून पुष्कळ जण विचारतात. देवाची कृपा आहे, एवढंच मी सांगते. परवाच्या रविवारी मी जरा आधी निघाले आणि कोपऱ्यावरून सहज मागे वळून पाहिलं. वेंडल टोपी गाडीत विसरला होता. तो पायऱ्या धडाधड उतरून खाली आला, टोपी घेतली, दोन दोन पायऱ्या गाळत वर गेला आणि खुर्चीत बसून पांघरूण गुडघ्यांवर ओढून घेतलं. तोवर ते सहा जण फाटकाशी आलेच होते.

मी पुढे वळले आणि थेट मागच्या बाकावर जाऊन बसले. डोळे मिटून. अगदी घट्ट.